मुरायला जागा लागते

शंका-समाधान : आंबवलेली पेयं

गेल्या अंकातल्या यीस्टवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच : बिअर ताजी प्यावी की ठेवून? सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. बाटलीत काय आहे आणि बाटली कुठे ठेवली आहे, यावर ते ठरतं. म्हणून निवडक पत्रं घेऊन उत्तरं देत आहे.

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त बेल्जियमला असतो. दिवाळीला येताना त्याने ‘ओर्वाल’ नावाच्या बिअरच्या सहा बाटल्या आणल्या. एक उघडली. कडवट होती, वास फुलांसारखा, आणि मागून किंचित चामड्यासारखं काही आलं. आमचे साडू म्हणतात, ही बिअर जितकी जुनी तितकी भारी, तेव्हा उरलेल्या पाच बाटल्या कपाटात ठेवून द्या. भाचा म्हणतो, ताजीच प्यायची. लेबलवर मुदत पाच वर्षांची आहे. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, चुडावा (ता. पूर्णा, जि. परभणी)

उत्तर : आधी थेट उत्तर देतो. पाचही बाटल्या आजच फ्रिजमध्ये उभ्या ठेवा आणि होळीच्या आत संपवा. चुडाव्यात राहणाऱ्याने भाच्याचं ऐकावं. साडूंचं म्हणणं चूक नाही, पण ते बेल्जियमच्या तळघरासाठी खरं आहे.

ओर्वाल हा बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सीमेलगतचा मठ. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो जाळला गेला. १९२६ पासून त्याची पुन्हा उभारणी सुरू झाली आणि बांधकामाला पैसा हवा म्हणून १९३१ मध्ये तिथे बिअरचा कारखाना निघाला. या बिअरच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली हॉप्सची. हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी फुलं. ती धान्याच्या उकळत्या रसात घातली की कडूपणा उतरतो. ओर्वालमध्ये मुख्य किण्वन झाल्यावर गार बिअरमध्येही ती पुन्हा सोडतात. त्यातून कडूपणा फारसा येत नाही, वास मात्र भरपूर येतो. तुम्हाला आलेला फुलांचा वास तोच.

दुसरी गोष्ट यीस्टची. बाटली भरताना तिच्यात थोडी साखर आणि ‘ब्रेटानोमायसीस’ हे रानटी यीस्ट घालतात. बिअरचं नेहमीचं यीस्ट सोप्या साखरा खाऊन थांबतं. हे रानटी यीस्ट त्याने मागे ठेवलेल्या, लांब साखळ्यांच्या साखराही हळूहळू फोडून खातं. त्यामुळे बिअर बंद बाटलीत बदलत राहते. गोडी कमी होते, वायू वाढतो, लेबलवर ६.२ टक्के असलेला मद्यांश थोडा वर सरकतो. त्याच वेळी हे यीस्ट चामडं, गोठा, लवंग अशा वासांची फिनॉल गटातली द्रव्यं तयार करतं. तुम्हाला जाणवलेलं चामडं म्हणजे त्याची सुरुवात.

हॉप्सचा प्रवास याच्या उलट चालतो. त्यांच्या वासाची तेलं नाजूक असतात. काही उडतात, काहींचं ऑक्सिडीकरण होतं, काही झाकणाच्या आतल्या अस्तरात शोषली जातात. कडूपणाही हळूहळू बोथट होतो. म्हणजे एकाच बरणीत कोथिंबीर आणि लोणचं घातल्यासारखं आहे : पहिलं रोज उतरणार, दुसरं रोज मुरणार. दोन्ही एकाच दिवशी ऐन भरात मिळत नाहीत, म्हणून आपल्याला काय हवं ते आधी ठरवावं लागतं.

साधारण अंदाज असा : पहिल्या सहा महिन्यांत हॉप्स पुढे असतात. सहा महिने ते वर्षभरात दोन्हींचा तोल जमतो. वर्षानंतर बिअर कोरडी, फसफसती आणि चामड्याच्या वासाची होते. आणखी दोन-तीन वर्षांनी हॉप्स जवळजवळ राहत नाहीत. बेल्जियममधल्या कित्येक कॅफेंत कोवळी आणि जुनी अशा दोन्ही ओर्वाल मागता येतात, आणि तिथलेच लोक दोन गटांत वाटलेले असतात.

पण हा सगळा हिशेब दहा ते पंधरा अंश सेल्सियसच्या अंधाऱ्या तळघराचा आहे. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत रात्रीही भिंती तापलेल्या असतात. बिअरच्या धंद्यात एक ढोबळ ठोकताळा आहे : बिअर ३२ अंशांना ३ दिवसांत जेवढी शिळी होते, तेवढीच २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३-४ अंशांना ३०० दिवसांत होते. हा हिशेब गाळलेल्या साध्या बिअरचा. ओर्वालमधलं जिवंत यीस्ट आतला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन थोडा बचाव करतं. तरी चाळीस अंशांच्या खोलीत, मद्यात बुडालेलं ते यीस्टही टिकत नाही. ते मरतं, पेशी फुटतात आणि उकडलेल्या मांसासारखी चव उतरते. शिवाय गरम बाटलीत वायूचा दाब वाढतो. म्हणजे कपाटात ठेवलेली बाटली मुरणार नाही, नुसती शिळी होईल.

मग फ्रिजमध्ये चार वर्षं ठेवावी का? चार अंशांना रानटी यीस्ट जवळजवळ झोपी जातं. बिअर लवकर बिघडणार नाही, पण मुरणारही नाही. म्हणून फ्रिजचा उपयोग हॉप्सचा वास धरून ठेवण्यापुरता करा आणि तो वास आहे तोवर प्या. फ्रीजर टाळा, बाटली फुटते. फ्रिजचं दारही टाळा, तिथे तापमान सारखं खालीवर होतं.

साडूंचीही सोय सांगतो. ओर्वालच्या लेबलवर बाटली भरल्याची तारीख असते. पुढच्या खेपेला भाच्याला तिथल्या दुकानात दीड-दोन वर्षांपूर्वीची बाटली शोधायला सांगा. मुरण्याचं काम तिथल्याच थंडीत होऊ द्यावं. परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १९८० मिलिलिटर, म्हणजे भाच्याचा हिशेब पक्का आहे. त्या सहांत तीन कोवळ्या आणि तीन जुन्या बसतात.

प्रश्न : अशाच एका परदेशी बाटलीच्या तळाशी पांढरट गाळ होता. उघडल्यावर निम्मी बिअर फेसाबरोबर टेबलावर गेली. बाटली खराब होती का?
— एक वाचक, पूर्णा

उत्तर : गाळ हा दोष नाही. बाटलीत किण्वन झालेल्या बिअरमध्ये यीस्ट तळाशी बसणारच. बाटली आदला दिवस उभी ठेवा, रुंद तोंडाचा पेला तिरका धरा, एका दमात ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. गाळ प्यायलात तरी काही होत नाही, बिअर गढूळ आणि चव थोडी पिठूळ होते एवढंच. अशी बिअर दहा-बारा अंशांना चांगली लागते, म्हणून फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी. बर्फगार बिअरला वास येत नाही.

फेसाची कारणं दोन. बाटली गरम असेल किंवा प्रवासात हलली असेल, तर चांगली बिअरही उसळते. पण थंड आणि स्थिर बाटलीही झाकण उघडताच कारंज्यासारखी उडाली, तर आत यीस्टने किंवा नको त्या जंतूंनी अपेक्षेपेक्षा जास्त साखर खाल्लेली असते. त्यासोबत व्हिनेगरसारखा झणका आला तर ती ओतून टाका.

प्रश्न : आमच्या वाळूजला बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. बिअर शॉपीत कधीकधी पाच-सहा महिने जुनी बाटली मिळते. ओर्वालसारखी तीही मुरलेली समजावी का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. शॉपीतली लागर गाळलेली आणि पाश्चरीकृत असते. तिच्यात जिवंत यीस्ट नसतं, त्यामुळे तिच्यात काही घडवणारंच कोणी उरलेलं नाही. पुढे होईल ती फक्त घसरण : आधी हॉप्सचा हलका वास जातो, मग ओल्या पुठ्ठ्याची चव येते, मग जुन्या मधासारखा जड गोडवा. अशा बहुतेक बाटल्यांवर सहा महिन्यांचीच मुदत असते. छापलेली तारीख बघा आणि जितकी अलीकडची मिळेल तितकी घ्या. ‘स्ट्राँग’ असेल तर टिकते, हाही गैरसमज. मद्य जास्त असलं तरी शिळेपणा थांबत नाही.

शॉपीत आणखी एक गोष्ट पाहा. बाटल्या उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली मांडल्या आहेत का? प्रकाशामुळे हॉप्सच्या कडू द्रव्यांचे तुकडे पडतात आणि त्यांतून कुबट, उग्र वासाचं गंधकयुक्त संयुग तयार होतं. पांढऱ्या आणि हिरव्या काचेत हे लवकर घडतं, तपकिरी काचेत पुष्कळ कमी. दुकानात मागच्या रांगेतली, सावलीतली बाटली मागायला लाजू नका.

प्रश्न : ‘इंडिया पेल एल’ इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला जहाजातून यायची आणि प्रवासात ती जास्त चांगली व्हायची, असं वाचलं आहे. मग हॉप्सवाली बिअर ताजी प्या असा आग्रह आज का?
— इतिहासाचे एक शिक्षक, मुंबई

उत्तर : तुमचं वाचन बरोबर आहे आणि आजचा आग्रहही बरोबर आहे. या दोन वेगळ्या बिअर आहेत.

लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसन घराण्याचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचा धक्का जवळ आणि कप्तानांना उधारी सढळ, म्हणून त्यांची पेल एल हिंदुस्थानात पोहोचली. १८२२ मध्ये बर्टनच्या ऑलसॉप यांनी तशीच बिअर करून स्पर्धा सुरू केली. ही बिअर खास सफरीसाठी शोधून काढली, ही गोष्ट रंगवलेली आहे. ठेवून पिण्याच्या, भरपूर हॉप्स घातलेल्या फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होत्या. आणि ती प्यायचे मुख्यतः अधिकारी व व्यापारी. साध्या गोऱ्या शिपायाची पसंती पोर्टर या काळ्या बिअरला होती.

आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार ते सहा महिने लागत, आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागे. पिंपं लाकडी, म्हणजे त्यांच्या फटींत रानटी यीस्ट असणारच. पुढे १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या निल्स क्लाउसन यांनी दाखवून दिलं की ठेवणीतल्या इंग्लिश बिअरची ती विशिष्ट चव याच यीस्टची असते, आणि त्यांनीच त्याला ब्रेटानोमायसीस हे नाव दिलं. तेव्हा मुंबईच्या बंदरात उतरलेली पेल एल बहुधा आजच्या जुन्या ओर्वालच्या जवळची असावी : कोरडी, स्वच्छ, फसफसती, कडूपणा निवलेला. हॉप्सचं काम तिथे वासाचं नव्हतं, राखणीचं होतं. जहाजाच्या तळाच्या कोठारातलं तापमानही समुद्राच्या पाण्याबरोबर राहायचं. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या घराइतकं ते तापत नसे.

आजची इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, वासासाठी केली जाते. आंबा, संत्रं, पेरू असे वास तिच्यात मुद्दाम आणलेले असतात, आणि तिच्यात रानटी यीस्ट नसतं. वास गेला की मागे नुसता कडूपणा उरतो. म्हणून ती ताजी.

प्रश्न : माझ्या लहानपणी शिंदी सकाळचीच प्यायची, दुपारनंतरची नको, असं मोठी माणसं सांगत. तीही आपोआपच आंबते, म्हणजे रानटी यीस्टचीच ना? मग ती का मुरत नाही?
— एक ज्येष्ठ वाचक, पालम

उत्तर : अगदी नेमका प्रश्न. शिंदीच्या झाडाचा रस निघतो तेव्हा त्यात दहा-बारा टक्के साखर असते. मडक्यातले, हवेतले आणि खाचेतले सूक्ष्मजीव त्याच क्षणी कामाला लागतात. मडक्याला आतून चुना लावून पहाटे उतरवलेला रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर काही तासांतच मद्य तयार होऊ लागतं आणि फेस येतो. पण या मडक्यात यीस्ट एकटं नसतं. दह्यातल्यासारखे लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू आणि शिरका करणारे जीवाणूही सोबत असतात. चोवीस तासांत शिंदी आंबटढाण होते आणि काही दिवसांत तिचा शिरका होतो.

ओर्वाल वर्षानुवर्षं टिकते कारण तिला तीन राखणदार आहेत. रस उकळला जातो, त्यामुळे आधीचे जंतू मरतात. हॉप्समधली कडू द्रव्यं लॅक्टिक जीवाणूंना दाबतात, पण यीस्टला हात लावत नाहीत. आणि झाकण हवा अडवतं, त्यामुळे शिरका करणाऱ्यांना ऑक्सिजन मिळत नाही. शिंदीला यातलं काहीच नाही. रानटीपणा दोन्हींत आहे, पण बंदोबस्त एकीतच आहे. म्हणून तुमच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला शास्त्रशुद्ध होता.

निजामाच्या राजवटीत शिंदीवरचा अबकारी कर हे मोठं उत्पन्न होतं. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७-४८ साली शिंदीची झाडं तोडण्याची मोहीम झाली. आज विकली जाणारी शिंदी पिण्याबाबत मात्र सावध राहा. क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायनं पाण्यात मिसळून ती शिंदी म्हणून विकल्याचे प्रकार या पट्ट्यात वारंवार उघडकीस आले आहेत. असली भेसळ जिवावर बेतते.

प्रश्न : पुण्यात आता रानटी यीस्टच्या, वर हॉप्स सोडलेल्या बिअर मिळू लागल्या आहेत. विकत घेतल्यावर त्या ठेवाव्यात का? आणि टॅपवरून भरून आणलेली बिअर किती दिवस चालते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून बिअर करणाऱ्याला समोरासमोर विचारता येतं. ती सोय वापरा. त्याला विचारा : रानटी यीस्ट कधी घातलं आणि हॉप्स कधी?

उत्तरं तीन प्रकारची येतील. पहिलं : बिअर टाकीत किंवा पिंपात रानटी यीस्टबरोबर महिनोन् महिने ठेवली आणि शेवटी, भरण्याआधी हॉप्स सोडले. ही बिअर मुरूनच तुमच्यापर्यंत आली आहे. ठेवलीत तर फक्त हॉप्स गमवाल, लगेच प्या. दुसरं : यीस्ट बाटली भरताना घातलं. हा ओर्वालचा प्रकार. आवडीप्रमाणे आता किंवा वर्षाने, पण थंड जागा असेल तरच. तिसरं : लॅम्बिकसारखी बिअर. ब्रुसेल्स परिसरातल्या या बिअरमध्ये मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने, वास गेलेले हॉप्स घालतात. राखणी हवी असते, वास नको असतो. अशा बाटल्या वर्षानुवर्षं ठेवता येतात. तिथल्याच कँतिऑं कारखान्याची ‘इरिस’ हा अपवाद. तिच्यात ताजे हॉप्सही असतात, त्यामुळे तिच्याबाबत पुन्हा पहिल्याच प्रश्नाशी यावं लागतं.

टॅपवरून बाटलीत भरताना हवा आत जातेच. न उघडता फ्रिजमध्ये ठेवलीत तर दोन-तीन दिवसांत संपवा. उघडलीत तर त्याच संध्याकाळी.

प्रश्न : आमच्याकडे हळद, सोयाबीन, ज्वारी होते. हॉप्सची वेल लावता येईल का? आणि गुळाच्या पाण्यात हॉप्स व यीस्ट घालून घरीच बाटलीत मुरवली तर?
— एक शेतकरी वाचक, वसमत

उत्तर : वेल उगवेल, फुलांचं पीक हाती लागणं अवघड. हॉप्सला हिवाळ्यात कडक थंडीची झोप आणि उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. आपल्याकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. ओर्वालच्या भागात तो सोळा तासांहून मोठा असतो. भारतात हॉप्सची शेती झाली ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात, उंचीवर आणि बर्फात. रोपांच्या जाहिराती पाहून पैसे घालू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट नकार. परवान्याशिवाय घरी मद्य करणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. लिटरमागे फक्त दहा ग्रॅम साखर उरली आणि बंद बाटलीत आंबली, तरी जवळजवळ पाच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या बिअरमध्ये एकूण वायूच साधारण तेवढा असतो. म्हणजे आत दुप्पट दाब. रानटी यीस्ट सगळी साखर संपवल्याशिवाय थांबत नाही, आणि उन्हाळ्यात ते काम झपाट्याने होतं. काच फुटली की डोळ्यांवर बेतते. आंबवण्याची हौस असेल तर ज्वारीची आंबील करा. तिच्यात लॅक्टिक जीवाणूंचं काम एका रात्रीत पाहायला मिळतं.

प्रश्न : जुनी, गाळ असलेली बिअर तब्येतीला चांगली असते का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. मुरलेल्या बिअरमध्ये साखर थोडी कमी होते, पण मद्य तेवढंच किंवा किंचित जास्त असतं. गाळातल्या यीस्टमध्ये ब जीवनसत्त्वं असतात, पण ती मिळवायला दारू पिण्याची गरज नाही. त्याच यीस्टमध्ये प्युरीनही असतात, त्यामुळे युरिक ॲसिड वाढलेल्यांनी गाळ टाळावा आणि शक्यतो बिअरच टाळावी. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात आणि गाडी चालवायची असताना एक घोटही नको. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे आणि परवानाही लागतो, हेही लक्षात असू द्या.

पत्र लिहिणाऱ्यांसाठी सूचना : बाटलीविषयी विचारताना दोन गोष्टी नक्की कळवा : बाटली भरल्याची तारीख, आणि ती आजवर कुठे व किती उन्हात-गारव्यात राहिली. नुसत्या नावावरून ‘ठेवू की पिऊ’ सांगता येत नाही. ही माहिती नसेल, तर उत्तर ठरलेलं आहे : पिऊन टाका.